लॉख नेस आणि अर्कर्ट किल्ल्याच्या एक दिवसाच्या सहलीबद्दल: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. दोन स्टार दिलेत आणि कारणंही मोकळेपणाने लिहिलीत. स्कॉटलंडमधल्या एडिनबरोहून निघाल्यावर बारा तासांतले आठ तास गाडीतच गेले. ग्लेन्कोच्या दरीत भर पावसात उगाच उतरवलं. लॉख नेस तळ्याचं पाणी काळं आणि घाण. अर्कर्ट म्हणजे ‘चार पडक्या भिंती, याहून आपला सिंहगड बरा’. आईंना उतार झेपला नाही. आमच्या ड्रायव्हरने ‘राक्षस वगैरे काही नाही’ म्हणून मुलाचा हिरमोड केला. आणि स्काय बेट दाखवलं नाही, म्हणून अर्धे पैसे परत हवेत. ही सहल ठरवताना आणखी मराठी मंडळी हे वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

किल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण ते वाक्य मला लागलं. मी भोरचा, गड बघतच वाढलो. अर्कर्ट पडका आहे हे खरंच, पण तो मुद्दाम पाडलेला आहे. १६९२ मध्ये सरकारी शिबंदी किल्ला सोडून निघाली तेव्हा तो जॅकोबाइटांच्या, म्हणजे पदच्युत राजा जेम्सच्या पक्षाच्या, कामी येऊ नये म्हणून तिनेच जाता जाता दरवाजा सुरुंगाने उडवला. त्या दरवाजाशेजारी बांधकामाचा एक प्रचंड तुकडा आजही कलंडून पडलाय. दगड सुटे झालेले नाहीत, चुना तसाच घट्ट आहे, भिंतच्या भिंत आडवी झालीय. तुम्ही टाकलेल्या फोटोत तुमचा मुलगा टेकून उभा आहे तो हाच तुकडा. १८१८ मध्ये इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कितीतरी गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे असेच सुरुंग लावून उडवले. ते ज्याने पाहिलंय त्या मराठी माणसाने अर्कर्टच्या दरवाजाशी दोन मिनिटं थांबावं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून तर तिथे आम्ही दीड तास देतो. फोटोपुरतं पंधरा मिनिटं थांबून पुढे पळत नाही.

ग्लेन्कोचा थांबाही याच गोष्टीचा भाग आहे. त्याच १६९२ च्या १३ फेब्रुवारीला पहाटे मॅक्डोनल्ड घराण्यातल्या लोकांची तिथे कत्तल झाली. मारणारे सरकारी सैनिक बारा दिवस त्यांच्याच घरांत पाहुणे म्हणून राहिले होते, त्यांच्याच चुलीवरचं जेवले होते. नव्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला त्यांच्या प्रमुखाला उशीर झाला, एवढं निमित्त. सकाळी ग्लेन्को आणि दुपारी अर्कर्ट असा क्रम आम्ही त्यासाठीच ठेवलाय. पाऊस हायलँड्सच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखाच्या, पश्चिम बाजूला कधीही येतो, जूनमध्येसुद्धा. तिथे गाडीतून उतरायची सक्ती कुणालाच नसते. ‘यांच्या भांडणांशी आपलं काय देणंघेणं’ असंही तुम्ही लिहिलंय. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला मराठ्यांच्या तोफांवर चालून आलेल्या पलटणींत ७४ वी आणि ७८ वी या दोन हायलँडर पलटणी होत्या. देणंघेणं आहे.

पाण्याबद्दल. ते घाण नाही. आजूबाजूच्या डोंगरांवर पीट आहे, म्हणजे हजारो वर्षांत अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे आणि गवताचे जाड थर. पावसाचं पाणी त्यातून झिरपून येतं आणि रंग घेऊन येतं. ओंजळीत धरलं तर कोऱ्या चहासारखं दिसतं, आणि खाली खोली सुमारे २३० मीटरपर्यंत जाते म्हणून वरून काळंभोर. आपल्या मापात सांगायचं तर कोयना धरण १०५ टीएमसीचं, आणि या एका तळ्यात साधारण २६० टीएमसी पाणी आहे. इंग्लंड आणि वेल्समधली सगळी तळी एकत्र केली तरी एवढं भरत नाही. काठावर उभं राहून हे कळत नाही, कारण तळं अरुंद आहे आणि लांबी ३७ किलोमीटर.

आता मुलाचं. त्याने ‘नेसी (तळ्यात राहतो म्हणतात तो राक्षस) खरी आहे का?’ असं सरळ विचारलं आणि ड्रायव्हरने सरळ सांगितलं. लहान मुलाने खरं विचारलं तर खरंच सांगायचं, हा नियम मी घालून दिलाय, तेव्हा राग धरायचा तर माझ्यावर धरा. १९३३ मध्ये जवळच्या इन्व्हरनेस शहराच्या वर्तमानपत्रात तो दिसल्याची बातमी आली आणि जगभर गाजली. १९३४ चा तो लांब मानेचा प्रसिद्ध फोटो म्हणजे खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेलं डोकं होतं, हे १९९४ मध्ये उघड झालं. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी तळ्यातल्या पाण्याचे नमुने घेऊन डीएनए तपासला, तर सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही, ईल माशांचा मात्र भरपूर. तुमच्या मुलाला हे सगळं सांगून झाल्यावर ड्रायव्हरने या तळ्यातून खरोखर वर काढलेल्या विमानाची गोष्टही सांगितली होती. ३१ डिसेंबर १९४० रोजी एक वेलिंग्टन बॉम्बर लॉख नेसमध्ये उतरवावं लागलं आणि १९८५ मध्ये ते बाहेर काढलं. ते आता लंडनच्या बाहेर ब्रुकलँड्स संग्रहालयात आहे. तुम्ही परत लंडनला जाणार असं लिहिलंय, तर मुलाला तिथे जरूर न्या.

प्रवासाचे आठ तास मला कमी करता येत नाहीत. जाऊन-येऊन साडेपाचशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे आणि वाटेतल्या कॅलंडर गावापासून पुढे बराचसा रस्ता येण्याजाण्याला एकेकच पदर असलेला, वळणांचा. वाटेतल्या फोर्ट विल्यम गावात ‘ड्रायव्हर पाऊण तास नुसता बसून होता’ ती त्याची विश्रांती. साडेचार तासांच्या चालवण्यामागे पाऊण तासाची सुट्टी आणि दिवसाला साधारण नऊ तास चालवण्याची मर्यादा हा इथला कायदा आहे, आणि कायदा नसता तरी मी ती दिली असती. सोळा जीव त्याच्या हातात असतात. स्काय त्याच दिवसात घालायचं तर आणखी अडीच तास तरी गाडीत जातील, मर्यादा मोडेल आणि अर्कर्ट बाहेरूनच बघावा लागेल. असं कुणी विकत असेल तर विकू दे. स्काय बघायला इन्व्हरनेसला किंवा स्कायवरच्या पोर्ट्रीला मुक्काम करावा, हे मी फोनवर विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, मग तो माझा ग्राहक होवो न होवो.

आईंबद्दल मात्र मला खरंच वाईट वाटतं. उताराची आणि बुरुजातल्या अरुंद गोल जिन्याची सूचना आरक्षणात आणि आदल्या दिवशीच्या मेसेजमध्ये असते, पण ती मुलांच्या फोनवर येते, आईवडिलांपर्यंत पोचतेच असं नाही. म्हणून यापुढे गाडीत बरोबर साठीच्या पुढचं कुणी असेल तर आम्ही आदल्या दिवशी फोन करून गुडघ्यांची चौकशी करणार आहोत. उतार न उतरताही, वरच्या पर्यटक केंद्राच्या गच्चीवरून किल्ला आणि तळं पूर्ण दिसतं, आतला छोटा माहितीपट संपला की पडदा बाजूला होतो आणि समोर काचेतून अर्कर्ट उभा राहतो. आई तो बघून खूश होत्या, असं ड्रायव्हर सांगत होता.

पैसे परत करणार नाही. जे जे कबूल केलं होतं ते सगळं त्या दिवशी दाखवलं, आणि स्काय कबूल केलेलं नव्हतं. पण तुम्ही शुक्रवारपर्यंत एडिनबरोत आहात. आईंना झेपेल असा, गाडी थेट दाराशी जाईल असा अर्धा दिवस स्टर्लिंगच्या बाजूला आखून हवा असेल तर आरक्षणाच्या नंबरवर फोन करून मला मागा. आखून देण्याचे मी पैसे घेत नाही.

आपला,
सहलीचा मालक, एडिनबरो