डब्यावरचा राखणदार

आमचा काजूचा कारखाना वेंगुर्ल्यात. पाच कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि कोपऱ्यात पंख्याखाली एक जुना डबा. त्याला आम्ही मानाने सर्व्हर म्हणतो. मृगाच्या तोंडावर एका दुपारी वीज चार वेळा गेली. तीनदा डबा उठला, चौथ्यांदा नाही. दिवाणजींनी शांतपणे कपाटातून लाल वही काढली. बरेच दिवस या क्षणाची वाट बघत असावेत.

पुण्याच्या भाच्याला फोन लावला. "मामा, लायसन्सला पैसे कशाला घालतोस? फुकटातली ऑपरेटिंग सिस्टिम टाकू, म्हणजे डबा चालवणारं मूळ सॉफ्टवेअर. फक्त कुठलं, ते तू ठरव."

फक्त!

"आणि फुकट म्हणजे नुसतं फुकट नाही हां, मुक्त." इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, 'फ्री', म्हणून मुक्त सॉफ्टवेअरवाली मंडळी १९८३ पासून हा फरक जगाला समजावत बसली आहेत म्हणे. मराठीत विचारलं असतं तर चहा संपायच्या आत मिटलं असतं. पण मुक्त असो नाहीतर फुकट, माझे तीन आठवडे त्यात गेले ते कुणाच्या खात्यावर मांडू?

मी म्हटलं, सगळे वापरतात ते टाक. तर म्हणे, ते सेंटओएस होतं. त्याची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळू असं ठरलेलं, आणि २०२० च्या डिसेंबरात जाहीर झालं, की २०२१ संपलं की खेळ संपला. मग त्यातून रॉकी आणि आल्मा अशी दोन घरं निघाली. भावकीतल्या वाटण्या आम्हाला नव्या नाहीत, पण त्यात आपला डबा ठेवायचा म्हणजे जरा जपून.

दुसरा पर्याय डेबियन. हे नाव ते सुरू करणारा इयान आणि त्याची मैत्रीण डेब्रा मिळून झालेलं. आमच्याकडे बंगल्यांना ठेवतात तसंच, इथवर ठीक. पण त्याच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी'मधल्या खेळण्यांची नावं! आमच्या संशोधन केंद्राने काजूच्या जाती काढल्या त्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७. कलम मागताना लाज वाटत नाही.

भाच्याचा जीव मात्र फ्रीबीएसडीवर, तेही फुकटातलंच. "सेंटओएस, डेबियन ज्यावर उभे ते लिनक्स म्हणजे नुसता कर्नल, आतला गाभा, बाकीचं ज्याने त्याने गोळा केलेलं. हे सगळं एकाच चुलीवरचं." शिवाय त्यात झेडएफएस, डिस्कवर फाइली मांडून ठेवणारं तंत्र. ते जुन्या नोंदीवर लिहीतच नाही. नव्या जागी पुरतं लिहून झालं, की मगच खूण हलवतं. मध्येच वीज गेली तर जुनं शाबूत. दिवाणजींनी वहीतून मान वर केली. "म्हणजे खोडरबर न वापरणारा कारकून. मी काय वेगळं करतो?"

भाच्याने येताना फ्रीबीएसडीचा स्टिकर आणला होता, तो न विचारता डब्यावर चिकटवला. लाल अंग, दोन शिंगं, हातात त्रिशूळासारखं काहीतरी. संध्याकाळी बाबा आले.

"ह्यो कोण रे शिंगावालो?"

युनिक्स घराण्यातल्या या सिस्टिममध्ये पाठीमागे गुपचूप राबणाऱ्या प्रोग्रॅमला डीमन म्हणतात, त्यावरून हे चित्र, असं भाच्याने सांगितलं.

"म्हणजे दिसणा नाय, रात्रभर जागता आणि राखण करता?"

"होय आजोबा."

"मगे राखणदार म्हण मां! वर्साक काय लागता ह्येका?"

"काही नाही, फुकट."

"फुकट राखणदार नसता. कधीतरी कोंबो मागतलोच."

सुरक्षेचा विषय निघाला तेव्हा भाच्याने फ्रीबीएसडीच्या भावकीतल्या ओपनबीएसडीचं चिन्ह दाखवलं. बाबांनी चष्मा लावला. "ह्यो तर केंड!" केंड म्हणजे आमच्याकडे मच्छीमारांची जाळी कुरतडणारा मासा. तो जाळ्याच्या राखणीला बसवलाय म्हटल्यावर बाबा त्या दिवशी भाच्याशी बोलले नाहीत.

शेवटी निकाल कुडाळहून लागला. कॉम्प्युटर दुरुस्तीला स्कूटरवरून येणारा मुलगा म्हणाला, "काका, मला डेबियन येतं. दुसऱ्याचं नुसतं नाव ऐकलंय." भर पावसात रात्री दहाला भाचा पुण्याहून यायचा नाही. खेळणी तर खेळणी! डेबियन चढलं, त्यावर सगळ्या कॉम्प्युटरना फाइली वाटून देणारं सांबा बसलं, दिवाणजींच्या पडद्यावर त्यांची झेड ड्राइव्ह दिसली. लाल वही कपाटात गेली, पण कुलूप नाही लावलं त्यांनी. मी स्वतः एकदाच फाइल उघडून एक आकडा बदलायला गेलो, त्या 'व्हीआय' नावाच्या एडिटरमधून बाहेर पडता येईना, म्हणून बटण बंद केलं आणि वीज गेली असं सांगितलं.

स्टिकर तेवढा काढायचा राहिला.

दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. बाबांनी शिंगवाल्याला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, आज जी काय तुझी सेवा केलंव, ती मान्य करून घे आणि ह्या पोरांचो हिशेब सांभाळ रे म्हाराजा!"

आत भलताच कोणी बसलाय, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सगळ्यांच्या बरोबर मीही मोठ्याने म्हटलं, "होय म्हाराजा!"