त्रेसष्ट, उपाशीपोटी

माझ्या गाडीने रविवारी सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी ५० च्या जागी ६३ चा वेग गाठला, हा निरोप मला गुरुवारी संध्याकाळी मिळाला. त्या वेळी मी शेअर रिक्षात मागच्या सीटवर मधला होतो आणि रिक्षा घोडबंदर रोडवर, माजिवड्याच्या जरा पुढे, एकवीस मिनिटं एकाच फ्लेक्सकडे तोंड करून उभी होती. चारचाकीवाला माणूस ताशी शून्य वेगाने घरी जाताना अतिवेगाचा दंड वाचतोय. दंड दोन हजार.

रिक्षातल्या मधल्या माणसाला खिशातून मोबाइल काढायला दोन्ही शेजाऱ्यांची संमती लागते. ती घेतली की मोबाइल तिघांचा होतो. उजवीकडच्या काकांनी मान न वळवता, नुसती बुबुळं वळवून सगळं चलान वाचलं.

"त्रेसष्ट?"

"हो."

"जेवणाआधी की नंतर?"

"काका, साखर नाही ही. वेग आहे."

"तेच विचारतोय. सकाळी सहा म्हणजे उपाशीपोटीच. उपाशीपोटी माणूस जोरातच चालवतो. घरी चहा वाट बघत असतो."

यावर मला बोलता येईना, कारण चहा खरंच वाट बघत होता.

काका ऑडिटमधून निवृत्त झालेले. कुठलाही आकडा नीट समजावून सांगितला तर कमी होतो, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि उपाय सांगायला सुरुवात केली.

"आरशाला सीडी बांधा. किरण परत जातो."

कुठला किरण? वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यातलं रडार म्हणजे २४ गिगाहर्ट्झच्या आसपासची रेडिओ लहर. ती गाडीच्या अख्ख्या पत्र्यावर आपटून परत येते. हजार किलोच्या लोखंडापुढे तीस वर्षांपूर्वीच्या भावगीतांची सीडी काय अडवणार? येणाऱ्या गाडीवरून परतलेल्या लहरीची कंपनं थोडी वाढलेली असतात आणि त्या वाढीवरून वेग निघतो. ६३ च्या वेगाला हा फरक सुमारे २,८०० हर्ट्झचा पडतो, म्हणजे कानाला ऐकू आला असता तर बारीक शिट्टीसारखा. मला रविवारी शिट्टी मारली गेली होती, ती गुरुवारी ऐकू आली, एवढंच.

"मग नंबरप्लेटवर केसांचा स्प्रे मारा. फोटोत नुसती चकाकी येते."

हा सल्ला देताना काकांच्या डोक्यावर स्प्रे मारण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, म्हणजे डबा घरात पडून असणार. पण नंबर टिपणारे कॅमेरे बहुतेक डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात बघतात आणि प्लेटचा परावर्तक पापुद्रा त्यासाठीच असतो. स्प्रेने प्लेटला वास येतो, दुसरं काही होत नाही. शिवाय प्लेट वाचता येऊ नये म्हणून केलेली कुठलीही कारागिरी हा वेगळा गुन्हा आहे. एका दंडातून दोन काढायचे असतील तर जरूर करावी.

मग काकांनी आवाज खाली आणला. डावीकडचा तरुण कानातली बोंडं काढून पुढे झुकला. रिक्षावाल्याने आरसा काकांवर लावला.

"हल्ली दोन खांबांमधला सरासरी वेग काढतात, माहितीये? त्याच्यावर माझ्याकडे रामबाण आहे. पहिल्या खांबाखालून जायचं, मग बिनधास्त शंभर. दुसरा खांब यायच्या आधी फूड मॉलला थांबायचं. बटाटावडा खायचा, मिसेसना चहा द्यायचा, मग निघायचं. सरासरी साठ! कॅमेरा मूर्ख!"

मी हिशोब केला. खांबांमध्ये दहा किलोमीटर आणि मर्यादा ६० धरा. नियमाने जाणाऱ्याला दहा मिनिटं लागतात. काका शंभरने सहा मिनिटांत पोचणार आणि उरलेली चार मिनिटं वडा खाणार. म्हणजे जादा पेट्रोल जाळून, काकूंचा जीव टांगणीला लावून, तेल पिऊन फुगलेला वडा सरकारी वेळापत्रकाप्रमाणे चार मिनिटांत गिळून काका त्याच क्षणाला त्याच खांबाखाली येणार.

"काका, मूर्ख कोण झालं?"

"पण वडा कोणी खाल्ला?" काका म्हणाले. तरुणाने मान डोलावली. ऑडिटर असा नोटशीट पलटतो.

खरं तर सगळ्या प्रकारांत मला हाच कॅमेरा प्रामाणिक वाटतो. दोन ठिकाणी नंबर वाचायचा, दोन वेळा नोंदवायच्या, अंतराला वेळेने भागायचं. चौथीचं गणित. एका जागी उभ्या कॅमेऱ्यापुढे लोक बेडकासारखे वागतात. जवळ आला की ब्रेक, मागे गेला की उडी. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात कॅमेऱ्यापासून ५०० मीटरपर्यंत अपघात ठळक घटलेले दिसले आणि दीड किलोमीटरच्या पलीकडे उलट वाढण्याची चिन्हं दिसली. अंतर कापून वेग मोजला की ही बेडूकउडी फुकट जाते. मधे वडा खायची मुभा असते.

या यंत्राचा पूर्वज काढला कोणी, तर मॉरिस गॅट्सोनिडेस नावाच्या डच रॅली ड्रायव्हरने. १९५३ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेला माणूस. वळणावर आपला वेग नेमका किती पडतो आणि आणखी जोरात कसं जाता येईल, हे कळावं म्हणून त्याने मोजणी यंत्र बनवलं. अधिक जोरात जायला केलेली वस्तू मला पकडलं त्या पुलाच्या उतारावर टपून बसली. आपल्याकडे याला नशीब म्हणतात.

तांत्रिक चूक सापडेल या आशेवर पुढे मी दोन रात्री घालवल्या. रडार गाडीकडे तिरकं बघत असेल तर वेग कमी दिसतो, जास्त नाही. वीस अंशांचा तिरकसपणा असेल तर साधारण सहा टक्के कमी. यंत्रात त्या कोनाची दुरुस्ती भरलेली असते. खांबावर चढून बसवणाऱ्याने कोन चुकवला तरच आकडा वर सरकतो, म्हणून यंत्राची वेळोवेळी तपासणी आणि मान्यतेचं प्रमाणपत्र यांना किंमत आहे. दुसरी आशा गाडीच्या काट्याची. तो कारखान्यातूनच खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवणारा येतो. म्हणजे यंत्राला ६३ दिसले तेव्हा माझ्या काट्यावर ६६-६७ असणार. ही आशा सोडून दिलेली बरी. हौसेने मोठे टायर घातलेल्यांचं मात्र उलटं होतं. चाकाचा घेर तीन टक्के वाढला की काटा तीन टक्के कमी दाखवतो आणि माणूस शपथेवर खोटं बोलतो.

"पण या कॅमेऱ्याने कोणाचा जीव वाचलाय का?" काकांनी विचारलं. "नुसती वसुली आहे."

इथे माझी पंचाईत झाली. दंड झालेल्या माणसाने दंडाची बाजू घेणं म्हणजे जावयाने सासूची घेण्यासारखं. पण घ्यावी लागली. २०१० मध्ये ३५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. कॅमेऱ्यांच्या परिसरात सगळे अपघात ८ ते ४९ टक्क्यांनी आणि जीवघेणे व गंभीर अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी कमी झालेले होते. आकडा एवढा ऐसपैस आहे, कारण सगळे अभ्यास सारख्या कसाचे नाहीत. कॅमेरा बसतो तिथेच, जिथे मागच्या वर्षी फार माणसं गेली. वाईट वर्षानंतर बरं वर्ष येतंच आणि श्रेय खांबाला मिळतं. तेवढं वजा केलं तरी काहीतरी उरतं.

का उरतं, ते कागदावर काढा. माणसाला ब्रेक दाबायचं सुचायला दीड सेकंद. कोरडा रस्ता, बरे टायर. ५० ने येणारी गाडी सुमारे ३५ मीटरांत उभी राहते. ७० ने येणारी गाडी त्याच ३५ मीटरांपैकी २९ मीटर नुसतं सुचण्यात घालवते आणि पहिली जिथे थांबली, तिथून ६२ च्या वेगाने पुढे जाते. तिथे कोणी उभं असेल, तर त्याच्या दृष्टीने वीसचा फरक नाही, शून्य आणि बासष्टचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो.

हे ऐकून काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे पंधरवड्याने परत मोजून बघा."

आता माझी तक्रार. ५० चा फलक होता, हे मी नाकारत नाही. तो एका वाढदिवसाच्या मागे होता. फ्लेक्सवर चौदा चेहरे, एक भावी नगरसेवक, आणि फ्लेक्सखाली फलकाचे दोन पाय, साडीखालून स्टूल दिसावं तसे. २०२१ च्या केंद्रीय नियमांत, १६७-अ मध्ये, स्पष्ट आहे: कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवेत आणि नोटीस गुन्ह्यापासून १५ दिवसांत हवी. नोटीस चार दिवसांत आली. फलकाला शुभेच्छुक आडवे आले.

आणि ५० का? रुंद, सरळ, दुभाजक असलेला, धावपट्टीसारखा रस्ता बांधायचा आणि मग त्यावर ५० ची पाटी ठोकायची, म्हणजे पंगतीत श्रीखंड वाढून चाखू नका म्हणायचं. मोकळ्या रस्त्यावर शंभरातली पंच्याऐंशी माणसं ज्या वेगाच्या आत चालवतात तो वेग आधी मोजायचा, ही रस्ता अभियंत्यांची जुनी रीत. ती बाजाराच्या रस्त्याला लावू नये, कारण चालवणाऱ्याला पायी चालणाऱ्याची किंमत कळत नाही. तिथे वेग उतरवायचा असेल तर रस्ताच बदलावा लागतो: मार्गिका अरुंद करा, मधे थांबायला बेट द्या, क्रॉसिंग उचलून घ्या. आपण काय करतो? रात्रीत गतिरोधक उगवतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने तो ३.७ मीटर रुंद, मधे १० सेंटिमीटर उंच, गोलसर हवा, म्हणजे २५ च्या वेगाने गाडी अलगद पार होते. आपला असतो हातभर रुंद, बिनरंगाचा. तो गाडीचा वेग नाही, मणक्याचं अंतर कमी करतो. त्याचं चलान कोणाला पाठवायचं?

२०२२ च्या सरकारी आकड्यांत अपघाती मृत्यूंपैकी ७१.२ टक्के अतिवेगाच्या खात्यावर आहेत. वेग मारतो, हे वर मीच सांगितलं. पण अपघाताची नोंद करताना अतिवेग लिहायला सगळ्यात सोपा. खड्डा लिहिला तर खड्ड्याचा मालक शोधावा लागतो.

तक्रार करायचीच तर चलान भरण्याआधी करावी. भरलं की मान्य केलं. फोटोतला नंबर, गाडीचा प्रकार आणि रंग आपला आहे का, मोजलेला वेग व मर्यादा दोन्ही छापलेत का, जागा आणि वेळ जुळते का, हे बघायचं. झाकलेल्या फलकाचा फोटो त्याच दिवशी काढावा, कारण वाढदिवस संपतो. आणि व्हॉट्सॲपवर चलान म्हणून फाइल आली, जिचं शेपूट एपीके आहे, म्हणजे जी उघडली की मोबाइलमध्ये ॲप घुसतं, ती उघडू नये. ती दोन हजारांवर थांबत नाही. पत्ता .gov.in ने संपतो का, एवढं तपासावं.

एवढ्यात रिक्षा हलली. पुढचा टेम्पो सुटला, त्यामागे आम्ही. तीस-चाळीस मीटर मोकळे मिळताच रिक्षावाल्याने सत्तावीस मिनिटांचा हिशोब चुकता करायला घेतला. काकांनी माझा हात धरला. पुढे खांब दिसला, वर पांढरा डबा. टेम्पोने ब्रेक मारला, रिक्षाने मारला, माझं नाक पुढच्या दांडीला लागलं. डबा मागे पडला आणि दोघं परत सुटले.

"कॅमेरा आहे वाटतं?" काका.

"कुठला! सहा महिने बंद आहे," रिक्षावाला म्हणाला. "लाइन तुटलीये."

"मग ब्रेक कशाला मारलास?"

"मला माहितीये हो काका. टेम्पोवाल्याला कुठे माहितीये?"