खेळाडूंची रॅपिड टेस्ट हे नाटक नाही

एक मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय: 'व्यावसायिक खेळाडूंची रॅपिड टेस्ट हे निव्वळ नाटक. धडधाकट माणसांना सर्दी-तापाने काय होणार? पॉझिटिव्ह आले तरी खेळतातच. निगेटिव्ह आले की विषय संपला. आणि कुठल्या विषाणूची सर्दी, हे कळून मिळणार काय?' अगदी ठासून लिहिलंय, पण यातलं एकही वाक्य टिकत नाही.

पॉझिटिव्ह असूनही खेळल्याचा दाखला म्हणून मेसेजमध्ये पुढे अमेरिकन धावपटू नोआ लाइल्सचं नाव दिलंय. पॅरिसमध्ये २०२४ साली कोविड असताना तो २०० मीटर धावला आणि कांस्यपदक जिंकला, हे खरं. पण चार दिवसांआधी १०० मीटरचं सुवर्ण जिंकलेल्या या गड्याला त्या शर्यतीनंतर व्हीलचेअरवरून न्यावं लागलं आणि रिलेत तो उतरलाच नाही, हे मेसेजमधून गाळलंय. धडधाकटपणाचं कवच कुठवर पुरतं, ते इथेच दिसतं. शिवाय काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात. तशात जोर लावला, तर ठोके जीवघेणे बिघडू शकतात.

सगळ्यात घातक वाक्य मात्र 'निगेटिव्ह आले की विषय संपला' हे. ही रॅपिड टेस्ट म्हणजे अँटिजेन टेस्ट. तिची पट्टी विषाणूचं प्रथिन शोधते आणि ते पुरेसं असेल तरच रेघ उमटते. पीसीआर ही तपासणी विषाणूच्या जनुकांचा थोडासा अंशही अनेकपट वाढवून पाहते, तसं थोड्याचं पुष्कळ करणं तिला जमत नाही. फ्लूच्या अशा टेस्टची संवेदनशीलता साधारण ५० ते ७० टक्के. म्हणजे फ्लू झालेल्या १० खेळाडूंपैकी ३ ते ५ जण निगेटिव्ह ठरून ड्रेसिंग रूममध्ये परत येतात. त्यात सरावाच्या घाईत काडी नुसती नाकाच्या तोंडाशी फिरवली, तर आणखी काही निसटतात. दिलेल्या वेळेत उमटलेली फिकट रेघसुद्धा पॉझिटिव्हच असते, तिला 'जवळपास निगेटिव्ह' म्हणून सोडून देता येत नाही. अंग कसकसतंय, ताप आहे आणि पट्टी कोरी आहे, तर विश्वास लक्षणांवर ठेवायचा. खेळाडूला वेगळं ठेवायचं, पीसीआर करायची.

मग टेस्ट करायचीच कशाला? फ्लूच्या साथीत लक्षणं असलेल्या खेळाडूची पट्टी पॉझिटिव्ह आली, तर ती सहसा खोटी नसते. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वाधिक उपयोगी पडतं, तिथे पाऊण तासाच्या आत मिळालेलं उत्तर मोलाचं ठरतं.

राहिलं विषाणूचं नाव. २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये फिनलंडच्या ४४ पैकी २० खेळाडूंना सर्दीची लक्षणं होती. पथकाच्या डॉक्टरांनी जागेवरच इन्फ्लुएन्झा (म्हणजे फ्लू) आणि आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूसाठी रेणवीय, म्हणजे विषाणूची जनुकं शोधणारी, तपासणी केली. स्पर्धेनंतर प्रयोगशाळेत बाकीचे विषाणूही तपासले, तर एकाच पथकात सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस, आरएसव्ही, साधे कोरोनाव्हायरस, इन्फ्लुएन्झा बी असे अनेक विषाणू निघाले. नुसतं शिंकणं पाहून हे वेगळे करणं कुणालाच शक्य नव्हतं. त्यातल्या इन्फ्लुएन्झावर औषध होतं, आणि ते बाधितांबरोबर त्यांच्या निकट सहवासातल्यांनाही देता आलं.