जाळी बारीक केली म्हणजे झालं?
भेगांच्या कॉम्प्युटर मॉडेलवरचा लेख आवडला, पण त्यातलं 'जाळी जितकी बारीक, तितकं उत्तर अचूक' हे वाक्य खटकलं. (मॉडेलमध्ये बीम किंवा भिंत छोट्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे घटकांत, विभागतात; ती जाळी.) काँक्रीट तडकताना त्याची ताकद एकदम शून्य होत नाही, हळूहळू उतरते. हे उतरणं साध्या पद्धतीने मॉडेलमध्ये टाकलं की भेग घटकांच्या एकाच रांगेत गोळा होते. घटक निम्मा केला की तडकायला लागणारी ऊर्जाही जवळपास निम्मी! बारीक करत जा, शेवटी जवळजवळ फुकटात तुटणारी बीम मिळेल. म्हणून तर हिलरबोर्ग आणि सहकारी संशोधकांनी १९७६ मध्ये भंगऊर्जेचा, म्हणजे ठरावीक क्षेत्रफळाची भेग पाडायला लागणाऱ्या ऊर्जेचा, हिशेब आणला आणि १९८३ मध्ये बाझांत व ओ यांनी तो भेगपट्ट्याच्या, म्हणजे मॉडेलमध्ये भेग ज्या पट्ट्यात पसरलेली धरतात त्याच्या, रुंदीशी बांधला. लेखात याचा एक शब्द नाही.

विटकामाचं तर आणखी वेगळं. नागपुरात मानेवाड्याला आमचं घर काळ्या मातीवर आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरली आहे. मे महिन्यात तिच्यात रुपयाचं नाणं जातं, ऑगस्टमध्ये नखही शिरत नाही. वीट एकही फुटलेली नाही, सगळं मसाल्याच्या सांध्यांतून. ही भिंत एकसंध धरली तर मॉडेलमध्ये त्या पायऱ्या दिसणारच नाहीत. सांधे वेगळे दाखवावे लागतात, मग गणित रात्रभर चालतं आणि लॅपटॉप आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यासारखा तापतो.

गवंडी ती भेग तीनदा बुजवून गेला बाप्पा. लेखकाने पायाखालच्या मातीचं फुगणं-आकसणं मॉडेलमध्ये कसं घेतलं, ते सांगावं.