अंकल गेमिंग

आज सकाळी सात वाजून चार मिनिटांनी मोबाइल वाजला. ‘डिअर अंकल गेमिंग, उगादी आणि पाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा. की-बोर्ड-माउसवर दहा टक्के सूट.’

दुकानदार सीमाभागातला. एकाच दिवशीच्या एकाच सणाच्या दोन्ही नावांनी शुभेच्छा दिल्यात, कुणाचं मन दुखायला नको म्हणून. माझं सोडून.

माझं वय ४१. आधार कार्डावर माझं चांगलं, आजोबांचं ठेवलेलं नाव आहे. पण बेळगावच्या खडे बाजाराजवळच्या एका बोळातल्या त्या दुकानात माझी नोंद ‘अंकल गेमिंग’ अशी आहे आणि ती आता मरेपर्यंत तशीच राहणार. कारण ती बदलून घ्यायची तर फोन करून आधी सांगावं लागणार, “मी अंकल गेमिंग बोलतोय.”

झालं ते असं. बेंगळुरूच्या कंपनीचं काम मी टिळकवाडीत घरी बसून करतो. जुना लॅपटॉप, कामाचं डॉकर नावाचं सॉफ्टवेअर सुरू केलं की, सांबऱ्याला विमान उतरल्यासारखा आवाज करायचा. म्हणून ठरवलं, नव्वद हजारांपर्यंत एक असेंबल्ड डेस्कटॉप करायचा. घरात सांगितलं, ऑफिसच्या कामाला. ते खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं.

दीड महिना मी अभ्यास केला. एवढा दहावीला केला असता तर आज मी दुसऱ्यांना कॉम्प्युटर घेऊन देत असतो. प्रोसेसर रायझन ५ ७६००, सहा कोअरचा. मदरबोर्ड बी६५०, कारण त्यावरचं प्रोसेसर बसवायचं एएम५ सॉकेट २०२२ ला आलेलं, चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलला तरी भागेल. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०६०, आठ जीबी. पुण्याचा मामेभाऊ म्हणाला, आठ जीबी म्हणजे पैसे पाण्यात, सोळावालं घे. तो स्वतः फोनवर लुडो खेळतो. रॅम ३२ जीबी लिहिली होती, पण एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी जगातली मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून रॅमचा भाव सराफकट्ट्यावरच्यासारखा रोज बदलतो. दुकानदार कोटेशनवर तारखेबरोबर वेळही लिहायला लागलेत, ‘संध्याकाळी पाचपर्यंत.’ मी मुकाट्यानं १६ वर आलो. आठ-आठच्या दोन स्टिक. एकच सोळाची घेतली तर मेमरीचा एकच रस्ता चालतो, दोन घेतल्या तर दोन्ही.

ऑनलाइन का नाही मागवलं, असं पुण्या-मुंबईचे लोक विचारतात. १ नोव्हेंबर २०१४ ला आमच्या गावाचं सरकारी नाव बेळगावचं बेळगावी झालं. हे वेबसाइटला कळलं, कुरिअरच्या यादीला कळलं नाही. मागच्या वेळी पत्त्यात बेळगावी लिहिलं तर एका ठिकाणी ‘शहर सापडत नाही’. बेळगाव लिहिलं तर पार्सल निघालं, गावात आलं, पत्ता जुळत नाही म्हणून परत गेलं. कस्टमर केअरला फोन लावला तर कन्नडसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन. चार दाबून बघितलं. पहिल्यापासून सुरू झालं. आमचा सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, ते एक असो. पण वेबकॅम तरी घरी यायला काय हरकत होती?

तर दुकान. काउंटरपुढं एकच स्टूल आणि त्यावर एक मामा. पांढरी टोपी, मांडीवर यूपीएसची मेलेली बॅटरी, निवांत. उद्यमबागेत एका फौंड्रीत तीस वर्षं काढलेली, हे त्यांनी मी न विचारता पहिल्याच मिनिटाला सांगितलं.

“पोराला काय ओ?” माझ्या हातातली यादी बघून मामा.

“नाही, मलाच.”

“हापिसचं?”

“हो. प्रोग्रामिंग.”

इथं विषय संपायला पाहिजे होता. पण मालक, वय पंचवीस, दोन कानांना दोन फोन, कोटेशन टाइप करता करता मान वर न करता म्हणाला, “प्रोग्रामिंगला कार्ड कशाला पायजे ओ अंकल? ह्या प्रोसेसरमधीच डिस्प्ले येतंय. कार्ड काढून सोडू?”

बरोबर होतं त्याचं. ७६०० च्या पोटात कामापुरतं ग्राफिक्स असतंच. मागं कॉलेजची दोन पोरं उभी होती. मी घसा खाकरला.

“राहू दे. थोडं... गेमिंगपण आहे.”

दुकान शांत झालं. पंखासुद्धा हळू फिरायला लागला असं मला वाटलं. मालकानं ‘कस्टमर नेम’च्या रकान्यात काहीतरी टाइप केलं. काय ते मला त्या वेळी दिसलं नाही.

“गेम?” मामांनी बॅटरी खाली ठेवली. “म्हंजे ते बंदुका घेऊन पळतेत ते?”

“नाही ओ, मी गाड्यांची शर्यतच...”

“मग गाडीच घ्यायची की! नव्वद हजारात चांगली टू-व्हीलर येतंय. खानापूरला जाऊन याल त्याच्यावर.”

आता मला सांगा, आमच्या गल्लीच्या कट्ट्यावर पन्नाशीची माणसं रात्री बारापर्यंत पत्ते कुटतात, त्यांना कोणी ‘अंकल रमी’ म्हणतं का? माझ्या मेव्हण्यानं शर्यतीच्या बैलजोडीवर काय ओतलंय ते त्याच्या बायकोला अजून माहीत नाही. तो ‘शौकीन’. मी मात्र स्वतःच्या पगारातून, रात्री जेवण झाल्यावर, हेडफोन लावून, कुणाला त्रास न देता तासभर गाडी पळवणार, तर दुकानात पंचायत बसते.

असो. खरी गंमत एसएमपीएसवरून, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणाऱ्या डब्यावरून झाली. माझ्या यादीत स्पष्ट लिहिलं होतं : ५५० वॅट, ८० प्लस ब्राँझ. म्हणजे भिंतीतून ओढलेल्या विजेतली निदान ऐंशी टक्के पार्टपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होऊन जाते. हा पार्ट मरताना एकटा मरत नाही, शेजारच्यांना घेऊन जातो. मालक म्हणाला, कॅबिनेटबरोबर ४५० वॅटचा फ्री आहे, सगळे तोच घालतेत. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, चालतंय ओ. मी म्हटलं, कार्डच एकटं १४५ वॅट खातं. तो म्हणाला, चालतंय ओ. मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा तो फोनवर होता.

मामांनी फ्रीचा एसएमपीएस उचलला. एका हातात तोलला, दुसऱ्या हातात घेतला, कानाशी नेऊन हलवला.

“हे मोकळं हाय.”

“भरलेलं हाय ओ मामा, पॅक पीस.”

“रंग कुणीबी लावतंय. आत तांबं कुठाय? कॉईल पायजे, ट्रान्सफॉर्मर पायजे, अ‍ॅल्युमिनियम पायजे. थांबा.”

आणि मामा उठून बाहेर गेले. शेजारी मसाल्याचं दुकान. परत आले ते छातीशी इलेक्ट्रॉनिक काटा धरून. ताटलीवर संकेश्वरी मिरचीची पूड बोटभर साचलेली. काटा काउंटरवर टेकला आणि दुकानातली पाचही माणसं एकदम शिंकली.

फ्रीचा एसएमपीएस : ७४० ग्रॅम. मामांनी मालकाला शेल्फवरचा दुसऱ्याच्या बुकिंगचा ५५० वॅटचा ब्राँझवाला काढायला लावला. १ किलो ८६० ग्रॅम. मामा काही बोलले नाहीत. नुसते मालकाकडं बघत राहिले, लेथवर मापात चूक केलेल्या पोराकडं बघावं तसे.

“ब्राँझच घाला ओ ह्यांना,” मालक आत ओरडला.

इथं मी आनंदी व्हायला पाहिजे होतो. पण तेच मी तीन वेळा सांगितलं होतं! दीड महिन्याचा अभ्यास, लेख, तक्ते, वॅटचा हिशेब, सगळं ‘चालतंय ओ’त गेलं. आणि मिरचीच्या काट्यानं दोन मिनिटांत काम केलं. अजून आठवलं की जेवण गोड लागत नाही.

मामांचा हात आता तापला होता. “ते कार्ड ठेवा बघू.”

“त्याची गरज नाही...” मी म्हणेपर्यंत मालकानं, ज्याला आता स्वतःलाच मजा यायला लागली होती, खोका उघडला आणि माझं आरटीएक्स ५०६० दोन्ही पंखे खाली करून त्या लालभडक ताटलीत ठेवलं. ६४० ग्रॅम.

“किंमत?”

“साडेएकोणतीस हजार.”

“किलोला किती पडलं?”

कॉलेजच्या पोरानं मोबाइल काढून हिशेब केला. “४६ हजार ९३ रुपये ७५ पैसे.”

“एवढा रेट?” मामा हबकले. “त्र्याण्णव सोडून सोडा. ४६ हजारनं लावा.”

पोरानं पुन्हा गुणलं. २९ हजार ४४०. मालक हसत म्हणाला, “घ्या ओ, तुमच्यासाठी साठ रुपये कमी.” तुमच्यासाठी म्हणजे मामांसाठी. मी तीन दिवस फोनवर घासाघीस करत होतो, तेव्हा हाच माणूस म्हणत होता की कार्डात एक रुपया सुटत नाही, १८ टक्के जीएसटी आहे. आता सुटले ते कार्डातून नाही, वजनातून.

एवढं होऊन एसएमपीएस मिळाला नाहीच, तो बुकिंगचा होता. मालकानं हुबळीला फोन लावला आणि कन्नडमध्ये बोलून मला सांगितलं, “नाळे बर्तैत्री.” उद्या येतंय. इकडं जुनी गोष्ट सांगतात. १९९० च्या दशकात कर्नाटकात गावोगाव एक भूत रात्री दारं ठोठावतंय अशी आवई उठली होती. त्यावर लोकांनी दारांवर ‘नाळे बा’, उद्या ये, असं लिहून ठेवलं. भूत वाचायचं, परत जायचं, दुसऱ्या दिवशी यायचं, तेच वाचायचं. पाच दिवस मी ते भूत होतो. सहाव्या दिवशी माल आला. बिल फाडलं. वर छापलं होतं : अंकल गेमिंग.

मशीन घरी जोडलं. बोर्डाच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घातली, एक स्क्रू गालिच्यात गेला तो गेलाच. चालू झालं. दिवसभर डॉकर, कोड कंपाइल करणं, सगळं गप्प आणि गार. बायको येऊन म्हणाली, “बरं झालं ओ, तो विमानाचा आवाज गेला.”

रात्री साडेनऊला सगळ्यांची निजानीज झाली, म्हणून मी शर्यत लावली. आता या कार्डाची एक रीत आहे. साधं काम असेल तर त्याचे पंखे फिरतच नाहीत, कार्ड चांगलं तापलं की मगच सुरू होतात. दहाव्या मिनिटाला कार्ड तापलं. पंखे फिरले. आणि संकेश्वरी मिरची हवेत उठली.

पहिली माझी शिंक. मग आतून आईचा खोकला. मग मुलगी रडत उठली, कोण मिरची भाजतंय म्हणून.

महिना झाला. ब्रशनं झाडलं, ब्लोअर मारला, जात नाही. पात्यांच्या मागं, हीटसिंकच्या फटीत बसलीय. प्रोग्रामिंग करताना घरात कुणाला काही होत नाही. शेजारच्या वहिनी परवा जिन्यात विचारत होत्या, तुमच्याकडं रात्री उशिरा फोडणी असतंय काय ओ. बायकोनं मात्र तारीख-वार जुळवून हिशेब लावलाय.

काल रात्री आतून तिला ठसका लागला. एक, दोन, तीन. मग आवाज आला, “खेळायलाय न्हवं?”

“कंपाइल चालू आहे,” मी म्हणालो, आणि शिंकलो.