हात नसले की पोहणं सोपं?

पॅरालिम्पिकमधल्या महिलांच्या ५० मीटर बटरफ्लायचा (दोन्ही हात एकदम फिरवत पोहायच्या प्रकाराचा) व्हिडिओ ग्रुपांवर फिरतोय. शरीर किती चालतं त्यावरून खेळाडूंचे गट पाडतात, त्यातला हा गट एस-५. दोन्ही हात नसलेली चीनची लू डोंग हात असलेल्या मुलींना मागे टाकते. खाली लिहिलंय : "हात नाहीत म्हणून पाण्याचा विरोध कमी, म्हणून जिंकते. असे गट पाडणं म्हणजे घोळ, आणि इतके गट फक्त मेडलं वाटायला केलेत." तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

आधी विरोधाचं बघू. विरोध थोडा कमी होतही असेल, पण पुढे ढकलणारे हातही गेलेच की. खात्री करायची असेल तर तलावात हात मांड्यांना चिकटवून नुसती डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून माशासारखी लाथ, मारून बघा. मी मारून बघितली. दहाएक मीटर बरं चालतं, मग श्वास घ्यायची वेळ येते आणि डोकं वर येतच नाही. एरवी पाणी खाली दाबून छाती वर काढतात ते हातच. हात नसतील तर ते सगळं पाठीनं, पोटानं आणि मानेनं करायचं. शेवटी भिंतीला टच करायला हात नाहीत, म्हणून डोकं टेकवायचं, तेही पूर्ण वेगात.

टोकियो पॅरालिम्पिकमध्ये लू डोंगनं ही शर्यत ४० सेकंदांच्या जरा आत संपवली आणि तो विश्वविक्रम ठरला. स्वीडनच्या सारा शॉस्ट्रॉमनं, दोन्ही हातांनी, २०१४ मध्ये हेच अंतर २४.४३ सेकंदांत कापलं होतं. हात नसणं फायद्याचं असतं तर मधले पंधरा सेकंद आले कुठून?

आता गट. ते अंदाजानं पाडत नाहीत. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकपर्यंत वापरात असलेल्या पद्धतीत पूर्ण सक्षम शरीराला ३०० गुण धरत : हातांना १३०, पायांना १००, धडाला ५०, सुरुवातीला आणि वळणाला दहा-दहा. टेबलावर तपासणी, मग पाण्यात तपासणी, मग प्रत्यक्ष शर्यतीतलं निरीक्षण. दोन्ही हात नसले की १३० गेले, उरले १७०. सुरुवात-वळणाचे थोडे वजा केले की आकडा एस-५ च्या १४१ ते १६५ या पट्ट्यात येतो. शेजारच्या लेनमधलीला हात आहेत, पण तिचे पाय किंवा धड तितकं चालत नाही. ते व्हिडिओत दिसत नाही, कारण ते पाण्याखाली असतं. एका गटात २५ गुणांचा पट्टा फार रुंद आहे का, यावर जरूर भांडावं. तो खरा वाद आहे. कुणी तपासणीत मुद्दाम कमी जोर लावतं का, हाही.

"मेडलं वाटतात" हे मात्र मला सगळ्यात लागतं. पॅरिसमध्ये महिलांची बटरफ्लाय फक्त आठ गटांना होती. एस-१ ते एस-४ च्या, म्हणजे शरीर सगळ्यात कमी चालणाऱ्या, मुलींना नाहीच. दृष्टिहीनांच्या एस-११ गटात पुरुषांना १०० मीटर बटरफ्लाय होती, महिलांना नव्हती. आपल्या नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करणाऱ्या कांचनमाला पांडे याच गटातल्या. २०१७ मध्ये मेक्सिकोत त्यांनी २०० मीटर मेडलीत (चार प्रकारांनी पोहायच्या शर्यतीत) जागतिक सुवर्ण जिंकलं. मेडलीतले पहिले ५० मीटर बटरफ्लायचेच असतात. म्हणजे बटरफ्लाय येते, पण त्यांच्या गटाला तिची शर्यतच नाही.