क्लचला कोल्ड्रिंक पाजू नका

‘मेकॅनिक लुटतात! क्लच स्लिप होतोय? हे उपाय घरीच करा’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. (स्लिप होणं म्हणजे घसरणं: इंजिन जोरात फिरतं, पण त्याची ताकद चाकांपर्यंत पूर्ण पोचत नाही.) फिरू दे म्हणून सोडून दिला असता. पण आमच्या मामांनी तो वाचून कोल्ड्रिंकची मोठी बाटली आणली आणि जुन्या मारुती ८००चं बॉनेट उघडून उभे राहिले. मग मात्र माझं डोकं फिरलं.

पहिला उपाय तोच: बेल हाऊसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या आवरणाच्या, भोकातून कोल्ड्रिंक ओता, साखरेनं क्लचची प्लेट पकडते. अहो, प्लेट घसरते कशानं? प्लेटवरचं लायनिंग, म्हणजे घर्षणाचा थर, झिजून रिव्हिटपर्यंत आलेलं असतं, ती दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची स्प्रिंग ढिली पडलेली असते, नाहीतर इंजिनच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल प्लेटवर येत असतं. यातलं साखरेनं काय भरून निघणार? तेलकट प्लेट चिकट पाण्यानं थोडा वेळ धरते, एवढं मान्य. रात्री करूळ घाटात अडकलेल्या माणसानं असं करून गाडी गगनबावड्यापर्यंत आणली, तर मी त्याला हसणार नाही. पण दारात उभ्या असलेल्या गाडीत? पाक वाळला की प्लेट शाफ्टच्या दात्यांवर नीट सरकत नाही, फ्लायव्हीलला (प्लेट ज्यावर दाबून बसते त्या इंजिनच्या चाकाला) गंज धरतो. आधी क्लच नुसता घसरत होता, आता पेडल दाबलं तरी सुटायचाही नाही. म्हणजे गिअर पडायचे बंद.

खरंच स्लिप होतोय का, हे आधी बघा ना! मोकळ्या सपाट जागी, पुढं-मागं कुणी नाही असं बघून हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका, थोडा ॲक्सिलरेटर देत क्लच सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच बरा आहे. गुरगुरत चालूच राहिलं तर घसरतोय. एकदाच करा, पुन्हापुन्हा केलं तर उरलेली प्लेटही जळेल. मामांची गाडी निवांत गुरगुरत राहिली, वर जळका वासही आला.

‘केबल कसून ताणा’ हा दुसरा उपाय अर्धा खरा आहे, तोही उलट्या बाजूनं. पेडलला सुरुवातीला थोडा फ्री प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, लागतो. तो नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) सतत दाबलेलं राहतं आणि क्लच घसरतो. तेव्हा केबल सैल करायची असते, ताणायची नाही.

‘गिअर घासतात म्हणजे गिअरबॉक्स गेला’ हेही खोटं. इंजिन बंद ठेवून गिअर टाकून बघा. बंद गाडीत अलगद पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर बहुतेक वेळा क्लच पूर्ण सुटत नसतो.

‘चढावर हाफ क्लचवर (पेडल अर्धवट दाबून) गाडी धरा, ब्रेक वाचतो’ याला मी उत्तरच देत नाही. मारुतीचं ओनर्स मॅन्युअल काढा: क्लच पेडल पाय टेकायला वापरू नका, चढावर गाडी क्लचवर धरू नका, क्लच खराब होईल, अशी सरळ ताकीद त्यात आहे. जोतिबाच्या चढाला गर्दीत अडकलात तर हँडब्रेक ओढा.

राहिलं ‘फक्त प्लेट बदला, सेट म्हणजे लूट’. खरी मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याचीच असते. तो उतरलाच आहे तर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदला, हाच तो सेट. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे दिसले तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर दाखवून घ्या. आणि तेल गळत असेल तर मिस्त्रीला ते ऑइल सील आधी बदलायला सांगा, नाहीतर नवी प्लेटही तेलातच जाईल.